गुलाबी जेल आणि मामांची कढई

नगरहून मनमाड रस्त्याने निघालं की सीना नदीचा पूल, नागापूर आणि लगोलग एमआयडीसी. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी इथली माणसं शिफ्टला जाताना 'नगर'च म्हणतात. हा भाग पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघरला, तो काही हजार मिलिमीटर पडतो. त्यामुळे नागापुरात कुणी दमटपणाची तक्रार केली की कोकणातले पाहुणे हसतात. पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इथल्या स्लॅबच्या घरांतही कपाटाला कुबट वास येतो, मीठ ओघळतं आणि कागदपत्रांच्या फाइली मऊ पडतात. मग कपाटात लटकवायच्या पाकिटांची आणि चपलांच्या खोक्यातल्या पांढऱ्या पुड्यांची आठवण होते.

अशाच दिवसांत एका ओळखीच्या घरी ऐकलेला हा वाद. मामा एका कारखान्याच्या इलेक्ट्रिकल मेन्टेनन्समधून निवृत्त झालेले. भाची ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, गौरी-गणपतीसाठी आलेली. गॅसवर कढई होती आणि कढईत गुलाबी मणी.

भाची : मामा, हे काय भाजताय?

मामा : सिलिका जेल. वाळवतोय. गुलाबी दिसतेय ना, आता बघ कशी निळी होते.

भाची : आणि ही कढई मामींची?

मामा : जुनी आहे. धुऊन ठेवीन. अगं, ट्रान्सफॉर्मरची जेल आम्ही अशीच भाजायचो. ब्रीदर माहितीये का तुला? लोड वाढला की ट्रान्सफॉर्मरचं तेल तापतं, फुगतं, वरच्या कन्झर्व्हेटर टाकीतली हवा बाहेर पडते. रात्री लोड उतरला की तेल आकसतं अन् बाहेरची हवा आत ओढली जाते. ती हवा ब्रीदरमधल्या जेलमधून जाते. खाली तेलाची वाटी असते, तिथे धूळ अडते. जेल नसली तर पावसाळी हवा थेट आत, तेलात पाणी, अन् बीडीव्ही खाली. अडीच मिलिमीटरच्या गॅपमध्ये तेल किती केव्ही सोसतं ते आम्ही किटवर बघायचो. जुन्या आयएस 335 प्रमाणे नवं न गाळलेलं तेल निदान 30 तरी, अन् गाळलेलं 60. त्याच्या खाली आलं की साहेब लोकांची झोप उडायची. म्हणून निळी जेल अर्ध्याच्या वर गुलाबी झाली की काढायची, भाजायची, परत भरायची. एवढा लाखमोलाचा ट्रान्सफॉर्मर ज्याच्यावर विसंबतो, ते तुम्ही लोक चपलेच्या खोक्याबरोबर कचऱ्यात टाकता.

भाची : पुन्हा वापरायला माझा विरोधच नाही. विरोध या कढईला आहे. जेल स्वतः निळी नसते, मामा. ती पांढरी, काचेसारखी असते. निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा. कोरडं असताना निळं, पाणी धरलं की गुलाबी. युरोपच्या रसायन संस्थेने 2008 साली अतिचिंतेच्या पदार्थांची पहिली यादी काढली, तिच्यात कोबाल्ट क्लोराइड आहे. त्याची धूळ श्वासावाटे गेली तर कर्करोगाचा धोका मानतात. म्हणून आता नारिंगी जेल निघाली आहे, तिच्यात कोबाल्ट नसतं.

मामा : उभी हयात हाताने भरली. काही झालं नाही.

भाची : मणी अखंड असताना हाताला फारसं काही होत नाही, हे मान्य. पण कढईत उलथन्याने हलवलं की मणी फुटतात, भुकटी होते आणि तुम्ही वाफेवर तोंड धरून उभे असता. उद्या त्याच कढईत मामी पोहे करणार. कारखान्यात ही वस्तू वर्कशॉपमध्ये होती, इथे ती स्वयंपाकघरात आहे.

इथे मामा गप्प झाले आणि त्यांनी गॅस बंद केला. या मुद्द्यावर मी पूर्णपणे भाचीच्या बाजूने आहे. कढईवर तापमान कळत नाही, हीसुद्धा अडचण आहेच. जेल वाळायला 110 ते 120 अंश पुरतात, पातळ थर आणि दोन-तीन तास. गॅसवरच्या कढईचं बूड बघता बघता दोनशेच्या पुढे जातं. निळी जेल इतकी तापली की रंग कायमचा काळपट होतो आणि मग ती ओली आहे की कोरडी हे सांगणारी खूणच हरवते.

मामा : बरं, निळी नको. पांढरीचं काय? एमआयडीसीत मशिनरीच्या पेट्यांतून किलो-किलोच्या पिशव्या येतात. स्टोअरवाले फेकून देतात. मी आणल्यात थोड्या.

भाची : त्या जेलच्याच आहेत कशावरून?

मामा : मण्यांवरून.

भाची : काही पिशव्यांत माती असते, बेंटोनाइट. तीही वाळवता येते, फक्त पाणी कमी धरते. काहींत मॉलेक्युलर सीव्ह असतं. तेही मण्यांसारखंच दिसतं, पण त्याला दोनशे-तीनशे अंश लागतात. घरच्या ओव्हनमध्ये तुम्ही ते भाजलंत तर भाजल्यासारखं वाटेल आणि आतलं पाणी जागच्या जागी. खाऊच्या पाकिटात जी पुडी असते तिच्यात तर पुष्कळदा लोखंडाची भुकटी असते. ती ओलाव्यासाठी नसतेच, ऑक्सिजन खाण्यासाठी असते. लोखंड गंजलं की पुडी संपली. ती कितीही भाजा, परत लोखंड होणार नाही.

मामा : मग ओळखायचं कसं?

भाची : वजनाने. मामींच्या स्वयंपाकघरातला काटा घ्या. पांढरे मणी ओव्हनमध्ये वाळवायच्या आधी तोला, नंतर तोला. शंभर ग्रॅमचे पंच्याऐंशी झाले तर पंधरा ग्रॅम पाणी गेलं. पुन्हा तासभर ठेवा. वजन आणखी घटलं नाही तर वाळले. ते कोरडं वजन बरणीवर लिहून ठेवा. पुढे कधीही तोललंत की किती पाणी धरलंय ते कळतं, रंगाची गरजच नाही.

मामांना हे पटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. मापाने चालणाऱ्या माणसाला माप दिलं की वाद निम्मा होतो. त्यांनी लगेच विचारलं, की पुडीसकट ओव्हनमध्ये टाकलं तर? भाचीने नाही म्हटलं. कागदासारख्या दिसणाऱ्या बऱ्याच पुड्या प्लॅस्टिकच्या धाग्यांच्या असतात, 135 अंशांच्या आसपास त्या वितळतात, आणि शिवणीचा गोंद त्याच्याही आधी सुटतो. मणी काढायचे, स्टीलच्या ताटात पसरायचे, वाळले की सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधायचे. मायक्रोवेव्हमध्ये ते सारखे तापत नाहीत, तडकतात. ट्रान्सफॉर्मरचं तेल लागून तपकिरी झालेली जेल मात्र कशानेही परत येत नाही, हे मामांनीच सांगितलं. ती ते कारखान्यातही टाकूनच द्यायचे.

तोवर मामी बाहेर आल्या होत्या. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं.

मामी : एवढा ओव्हन कशाला जाळायचा? मे महिन्यात गच्चीवर पत्र्यावर टाका. पापड वाळतात, गहू वाळतो, हे वाळणार नाही होय?

भाची : मामी, पापडातलं पाणी आणि जेलमधलं पाणी सारखं नाही. जेलच्या एका ग्रॅमच्या आत सूक्ष्म छिद्रांचा एवढा पृष्ठभाग असतो की तो उलगडला तर सहा-सात गुंठे भरेल. पाणी त्याला चिकटून बसतं. उन्हाने नाही सुटत.

इथे मात्र भाची घाईत होती, आणि मामींचं म्हणणं तिला वाटलं तितकं सोडून देण्यासारखं नव्हतं. जेल किती पाणी धरून ठेवणार हे भोवतालच्या हवेच्या सापेक्ष आर्द्रतेवर ठरतं, आणि हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता झपाट्याने घसरते. 30 अंशांची, 40 टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तीच हवा तापलेल्या पत्र्यावर 60 अंशांना गेली तर आर्द्रता नऊ टक्क्यांच्या आत येते. हवेतली वाफ तेवढीच असते, तरी जेलला ती हवा वाळवंटासारखी कोरडी वाटते आणि ती पाणी सोडू लागते. नगरच्या मे महिन्यात दुपारची हवा मुळातच कोरडी असते. काळ्या पत्र्यावर पातळ थर दुपारभर ठेवला आणि ऊन उतरायच्या आत गरम असतानाच डब्यात बंद केला, तर जेल ओव्हनइतकी कोरडी होणार नाही, पण घरच्या कामाला पुरेल इतकी नक्की होईल. भाचीच्या बाजूने एवढंच, की गरज पडते ती ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा हे ऊन नसतं. तेव्हा ओव्हनच. संध्याकाळपर्यंत गच्चीवर विसरलेली जेल तर रात्रीच्या हवेतून दुपारी सोडलेलं पाणी परत ओढून घेते.

खरी चकमक पुढे झाली, ती कपाटात लटकवायच्या पाकिटावरून. वर पांढरे खडे, खाली पिशवीत पाणी साठलेलं. मामांनी अशी दोन-तीन पाकिटं जपून ठेवली होती.

मामा : हे बघ, पाणी आटवलं की खाली खडे राहतात. मीठ आहे ते. मिठागरात काय करतात?

भाची : मिठागरातलं मीठ वाळतं, मामा. हे वाळत नाही. हे कॅल्शियम क्लोराइड. जेलच्या अंगाला पाणी चिकटतं, जेल जशीच्या तशी राहते. हे मात्र हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. ते उकळायला ठेवलंत की पाणी जाईल तसा द्रवाचा उत्कलनबिंदू वर चढत जातो. शंभरावर उकळायचं, मग एकशेवीस, मग आणखी पुढे. दाट होतं, उडतं, अंगावर पडलं तर चटका आणि खाज दोन्ही. पावणेदोनशेच्या खाली त्यातलं उरलेलं पाणी सुटतच नाही. शेवटी भांड्याच्या तळाशी दगडासारखी ढेप राहते आणि स्टीलला टाचणीएवढे खड्डे पडतात. क्लोराइड स्टीलला सोडत नाही.

मामा : पण वस्तू तर तीच राहते ना? नासत तर नाही.

भाची : नासत नाही. कारखान्याला ते जमतं. तुमच्या गॅसला जमणार नाही, आणि जमलं तरी जितक्याचा गॅस जाईल तितक्यात नवीन खडे येतील.

मामा : मग ओतून देऊ अंगणात. धूळ तरी बसेल. कच्च्या रस्त्यावर धूळ बसायला हेच मारतात ना?

भाची : मारतात, बरोबर. हवेतला ओलावा धरून ठेवतं म्हणून. पण अंगणात कडीपत्ता आहे, शेवगा आहे, आणि पलीकडे तुमची बोअर. इथलं पाणी आधीच जड. त्यात अजून क्लोराइड कशाला? भरपूर पाण्यात पातळ करून मोरीत सोडा, हातात मोजे घालून. झाडापाशी नको, चामड्याच्या पट्ट्यावर तर एक थेंब नको.

मामा हे मानायला तयार नव्हते. त्यांच्या मते जी वस्तू नासत नाही ती टाकणं म्हणजे पाप. त्यांचा हा आग्रह मला मनापासून आदराचा वाटतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुष्काळाने नगरकरांना काटकसर शिकवली आहे, आणि ती शिकवण हसण्यावारी नेण्याची नाही. तरीही हे पाकीट एकदाच वापरायचं, असा माझा स्पष्ट कौल आहे. आणि वारंवार टाकावं लागतंय असं वाटत असेल तर ते मुळातच विकत आणू नये. कळीचा चुनाही तसाच. जुन्या घरांतून तो दमटपणासाठी ठेवत. पाणी धरलं की त्याचा विझलेला चुना होतो, परत कळी करायला भट्टीत पाचशेच्या वर अंश लागतात, आणि डोळ्यात कण गेला तर इजा होते. डांबरगोळ्यांबद्दलही एक गैरसमज पक्का बसला आहे. त्या किड्यांना दूर ठेवतात, ओलावा शोषत नाहीत.

मामा : मग कपाटाचं काय करू? जेल ठेवू का पुरचुंड्या?

भाची : कपाटाचं दार दिवसातून किती वेळा उघडतं?

इथे थोडं गणित केलं पाहिजे, कारण सगळ्या वादाची किल्ली त्यातच आहे. पावसाळ्यात 27 अंश आणि 80 टक्के आर्द्रता धरली तर एका घनमीटर हवेत साधारण 20 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत हे अर्धा किलोहून जास्त भरतं. त्या खोलीची आर्द्रता 50 टक्क्यांवर आणायची तर दोनशे ग्रॅमच्या वर पाणी ओढावं लागेल, म्हणजे पाऊण-एक किलो जेल, आणि खिडकी उघडली की पहिले पाढे पंचावन्न. भिंती, गाद्या, लाकूड यांत मुरलेलं पाणी तर हिशेबातच धरलेलं नाही. उलट पाच लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यातल्या हवेत ग्रॅमचा जेमतेम दहावा भाग पाणी असतं. तिथे मूठभर जेल महिनोन्‌महिने टिकते. म्हणजे पुन्हा पुन्हा वाळवायची वेळ येते तेव्हा बहुधा जेल कमी पडलेली नसते, झाकण सैल असतं. कपाटाला हवा आणि ऊन द्यावं, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं, ओल झिरपत असेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग बघावं. जेल डब्यांसाठी राखावी.

कोणत्या डब्यांसाठी, यावर मात्र दोघांचं पटकन जमलं. मामींचं कानाचं यंत्र रात्री जेलच्या बरणीत ठेवायचं, पण त्याआधी त्यातला झिंक-एअर सेल काढायचा, नाहीतर तोही सुकून लवकर संपतो. कॅमेरा, जमिनीचे कागद, आणि मामांच्या मते सगळ्यात आधी उळं, म्हणजे कांद्याचं बी.

मामा : राहुरीकडे माझा भाऊ डोंगळे लावतो. एप्रिल-मेमध्ये बी निघतं. गावरान कांद्याची रोपं टाकायची सप्टेंबर-ऑक्टोबरला. म्हणजे उळं सगळा पावसाळा घरात. कांद्याचं बी मुळात अल्पायुषी, वर्ष उलटलं की उगवण पडते. गोणपाटात ठेवलं की हवेतला ओलावा पितं अन् वाफ्यात निम्मं उगवतं.

भाची : बियाणं प्रमाणीकरणात कांद्याच्या बियाला साध्या पिशवीत जास्तीत जास्त 8 टक्के ओलावा चालतो, हवाबंद डब्यात 6. हवाबंद करायचं असेल तर आधी जास्त वाळवावं लागतं, नाहीतर आतलाच ओलावा आत कोंडतो. ढोबळ नियम असा, की बियाण्याचा ओलावा एका टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट. पाच टक्क्यांच्या खाली मात्र नेऊ नये.

मामा : अन् उन्हात जास्त वाळवलं तर बी भाजतं. म्हणून म्हणतो, जेल बरी. गरम न करता वाळवते.

भाची : बी सुती पिशवीत, जवळपास तेवढ्याच वजनाची कोरडी जेल दुसऱ्या पिशवीत, दोन्ही एका डब्यात, झाकण घट्ट. पांढरी जेल, निळी नाही. आणि ओव्हनमधून काढलेली जेल आधी बंद स्टीलच्या डब्यात गार होऊ द्यायची. गरम घातली तर बी मेलं, उघड्यावर गार केली तर सगळी मेहनत वाया.

मामांनी हे वहीत उतरवून घेतलं. भाऊ नागापूरहून फार लांब नाही, याच मनमाड रस्त्यावर पुढे, राहुरीला. 1968 साली स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठही तिथेच आहे. ज्यांना ओलाव्याचा अंदाज नुसत्या हाताने येत नाही त्यांनी थोडं बी सोबत नेऊन तिथल्या जाणकारांना विचारावं.

माझी या लेखाच्या निमित्ताने एक मागणी आहे, ती या पुड्या भरणाऱ्या आणि वापरणाऱ्या कारखान्यांकडे. बहुतेक पुडीवर 'खाऊ नका' एवढंच इंग्रजीत छापलेलं असतं. आत काय आहे ते पुष्कळदा नसतं. सिलिका जेल, माती, कॅल्शियम क्लोराइड की लोखंड, एवढे एक-दोन शब्द मराठीत छापायला जागा लागते नखाएवढी. जेल असेल तर पुढे '110 अंशांवर वाळवून पुन्हा वापरा' हेही बसतं. एमआयडीसीतल्या स्टोअरवाल्यांनी पेट्यांतल्या पिशव्या फेकण्याआधी त्यांवरचं लेबल वाचावं, पांढरी जेल वेगळी काढावी आणि मागेल त्या शेतकऱ्याला द्यावी. कांद्याची रोपं टाकायला अजून वेळ आहे.